येणाऱ्या भयपटाची वाट कशी पाहावी: कोकणातील प्रेक्षकासाठी

भयपट पाहण्याची तयारी तिकीट काढायच्या दिवशी करू असे ठरवून बसलेल्या माणसाला कोकणात राहून फारच थोडे चांगले भयपट मोठ्या पडद्यावर पाहायला मिळतात. हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहिते आहे. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी 'तुंबाड' प्रदर्शित झाला. ज्याचे नाव या चित्रपटाने घेतले ते गाव आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, खेड तालुक्यात आहे, आणि तरीही तो पाहण्याची मी घाई केली नाही. भातकापणी अंगावर आलेली होती. चित्रपट दोन-तीन आठवडे तरी राहील, कापणी आटोपली की जाऊ, असा आमचा हिशेब होता. आमच्या जवळच्या चित्रपटगृहात तो एकच आठवडा आणि दिवसाला एकच खेळ असा लागला आणि आम्ही मोकळे होण्याआधी उतरलाही. पुढे तो मी मोबाईलच्या वीतभर पडद्यावर पाहिला आणि पाहताना सतत जाणवत राहिले की हा पाऊस, हा काळोख आणि हा वाडा इतक्या लहान चौकटीत मावणारा नाही. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा आदल्या दिवशी गौरींबरोबर घरच्या गणपतीचे विसर्जन झालेले होते. मी आणि माझी धाकटी जाऊ सकाळीच पणजीच्या गाडीत बसलो. त्या खेपेस चित्रपटाने मूळ प्रदर्शनापेक्षाही अधिक कमाई केली, म्हणजे सहा वर्षांपूर्वी हुकलेले आमच्यासारखे पुष्कळ होते.

तेव्हापासून मी वाट पाहण्याची एक पद्धत ठरवून घेतली आहे आणि तीच येथे मांडते. तिचा गाभा असा की चित्रपट कोण करतो आहे याविषयी जितके जाणून घेता येईल तितके घ्यावे आणि त्यात काय घडते याविषयी जितके टाळता येईल तितके टाळावे. बहुतेक प्रेक्षक याच्या नेमके उलट करतात. कथेचा सुगावा लागेपर्यंत ते झलका पाहत राहतात आणि दिग्दर्शकाचे नाव मात्र त्यांना चित्रपट संपल्यावरही ठाऊक नसते.

आरंभ दिनदर्शिकेपासून करावा. स्वयंपाकघराच्या भिंतीवरची नेहमीची दिनदर्शिका पुरते. तिच्यावर येणाऱ्या चित्रपटांची नावे पेन्सिलीने लिहावीत, पेनाने लिहू नयेत. जाहीर झालेली तारीख म्हणजे पक्की तारीख नव्हे. २०२५ च्या जानेवारीत मॅडॉक फिल्म्स या निर्मितीसंस्थेने आपल्या भयविनोदी मालिकेतील आठ चित्रपटांच्या तारखा २०२८ पर्यंत एकदम जाहीर केल्या होत्या. त्यांतील 'शक्ति शालिनी' ३१ डिसेंबर २०२५ ला येणार होता. तो त्या दिवशी आला नाही आणि त्याच्यासाठी पुढच्या वर्षीची २४ डिसेंबर ही तारीख देण्यात आली. त्याच यादीत 'महा मुंज्या'साठी २४ डिसेंबर २०२७ ही तारीख आहे. 'मुंज्या' या कोकणातल्या गोष्टीचा पुढचा भाग म्हणून आपल्याकडे तिची वाट पाहिली जाईल, पण तीही पेन्सिलीनेच लिहावी.

तारीख कितपत विश्वासाची आहे हे ठरवण्यासाठी चित्रपट कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहावे. नुसती घोषणा झाली असेल तर ती इच्छा समजावी, कारण पुष्कळ घोषणांमागे पटकथाही पूर्ण झालेली नसते. चित्रीकरण संपल्याची बातमी आली की वर्षाचा अंदाज बांधता येतो, परंतु भयपटाला त्यानंतरही बराच काळ लागतो. ध्वनी, संगणकीय दृश्ये आणि रंगसंस्कार या तिन्ही गोष्टींवर भय उभे असते आणि त्यांत घाई केलेली लगेच दिसते. पहिली छोटी झलक आली की महिन्याचा अंदाज येतो. मुख्य ट्रेलर सहसा प्रदर्शनाच्या दोन-तीन आठवडे आधी येतो आणि तेथून पुढे तारीख क्वचितच हलते. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र मिळाले आणि चित्रपटगृहांनी आगाऊ आरक्षण उघडले, की मग पेन्सिलीच्या अक्षरांवर पेन फिरवावे.

या प्रमाणपत्राकडे आपण फार कमी लक्ष देतो. मंडळाच्या संकेतस्थळावर चित्रपटाच्या नावाने शोध घेता येतो आणि तेथे त्याची भाषा, लांबी व प्रमाणपत्राचा प्रकार कळतो. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर पूर्वीच्या सरसकट 'यूए' वर्गाचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग झाले आहेत, आणि केवळ प्रौढांसाठीचा 'ए' वर्ग पूर्वीसारखाच वेगळा आहे. घरात नऊ वर्षांचा मुलगा आणि पंधरा वर्षांची मुलगी असेल, तर कोणता चित्रपट सर्वांनी मिळून पाहायचा आणि कोणता आपण एकट्याने, हा निर्णय ट्रेलर न पाहताही घेता येतो. मात्र यूए वर्गातील वयाचा आकडा पालकांच्या मार्गदर्शनासाठी असतो. आपले मूल कशाला घाबरते हे आपल्यालाच अधिक कळते. जलद कापलेल्या, रक्त दाखवणाऱ्या दृश्यांनी न दचकणारी मुले एखाद्या रिकाम्या झोपाळ्याच्या दृश्याने आठवडाभर झोपत नाहीत, असे मी माझ्याच घरात पाहिले आहे.

आता दिग्दर्शकांविषयी, कारण वाट पाहण्याचा खरा आनंद येथे आहे. एखादा भयपट आवडला की त्याच्या दुसऱ्या भागाची वाट पाहत बसण्याऐवजी तो करणाऱ्याच्या पुढच्या कामाची वाट पाहावी. विशाल फुरिया यांनी २०१७ मध्ये उसाच्या शेतातली 'लपाछपी' केली. ज्यांनी ती पाहिली होती त्यांना २०२१ च्या 'छोरी'ची बातमी कळताच ती आपलीच 'लपाछपी' नव्या रूपात येते आहे हे लगेच उमगले. आदित्य सरपोतदार यांनी २०२२ मध्ये मराठीत 'झोंबिवली' आणली, ७ जून २०२४ रोजी हिंदीत 'मुंज्या' आणला आणि २०२५ च्या दिवाळीत हिंदीतच 'थामा'. हा क्रम ज्याने ध्यानात ठेवला असेल त्याला हे दिग्दर्शक हसू आणि भीती कोणत्या प्रमाणात मिसळतात याचा अंदाज आधीच असतो. गंभीर, गुदमरून टाकणारे भय हवे असेल तर ते दुसरीकडे शोधावे लागेल हेही त्याला कळते. हृषीकेश गुप्ते यांचे उदाहरण आणखी वेगळे आहे. त्यांच्या भयकथा आणि कादंबऱ्या मराठी वाचक पूर्वीपासून वाचत आले आहेत, त्यामुळे ६ जून २०२५ रोजी त्यांनी लिहून दिग्दर्शित केलेला 'जारण' आला, तेव्हा वाचकांना तो चित्रपट अनोळखी नव्हता. करणी, भानामती यांचा विषय असलेल्या चित्रपटाबाबत आपण अधिक चोखंदळ असावे असे मला वाटते. ज्या राज्याने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्या राज्यातील प्रेक्षकाने असा चित्रपट माणसाच्या मनाकडे पाहतो की मांत्रिकाचे दुकान मोठे करतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि लेखकाची आधीची पुस्तके वाचलेली असली की त्याचे उत्तर पुष्कळदा आधीच मिळते.

मराठी-हिंदीबाहेरचा एक दिग्दर्शक मी प्रत्येकाला सुचवते. मल्याळम चित्रपटांचे राहुल सदाशिवन यांनी २०२२ मध्ये 'भूतकालम', फेब्रुवारी २०२४ मध्ये 'भ्रमयुगम' आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी 'डीएस ईरे' असे एकामागून एक भयपट दिले. मामुट्टी यांच्यासारख्या मोठ्या नटाला घेऊन 'भ्रमयुगम' संपूर्ण कृष्णधवल करण्याचे धाडस त्यांनी केले. त्या चित्रपटातला पाऊस, शेवाळलेले दगड आणि ओसाड घराभोवती वाढलेले रान पाहताना कोकणातल्या माणसाला भाषांतराची फारशी गरज पडत नाही, कारण तो किनारा आपल्याच किनाऱ्याचा दक्षिणेकडचा भाग आहे. अशा दिग्दर्शकाचे नाव दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर कायमचे लिहून ठेवावे.

दिग्दर्शकापाठोपाठ छायालेखक आणि ध्वनिसंयोजक यांची नावे पाहावीत. 'तुंबाड'चे छायालेखन पंकज कुमार यांचे होते, आणि त्या चित्रपटातला पाऊस हा पुष्कळसा खऱ्या पावसाळ्यांत टिपलेला आहे. त्याला सहा वर्षे लागली त्याचे हेही एक कारण. असा मनुष्य नव्या भयपटाच्या श्रेयनामावलीत दिसला, तर मोठ्या नटांची नावे नसली तरी तो चित्रपट मोठ्या पडद्यासाठी राखून ठेवावा.

फलकावर आणि पहिल्या छायाचित्रात कोकण दिसले म्हणून मात्र हुरळून जाऊ नये. आपला प्रदेश भुताखेतांचा म्हणून दाखवण्याची सवय चित्रपटांना आणि मालिकांना लागलेली आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेनंतर तर तिचे चित्रीकरण झालेले कुडाळ तालुक्यातले आकेरी गाव पाहायला माणसे येऊ लागली. त्यात वाईट काहीच नाही, परंतु कोकणातल्या माणसाने वाट पाहताना एक गोष्ट तपासावी: चित्रपटाला येथील भीती ठाऊक आहे का, की केवळ येथील माडांची आणि कौलांची गरज आहे? आरवलीच्या वेतोबाला आपण केळ्यांचा घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतो, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी आपली श्रद्धा आहे. राखणदार आपल्याला घाबरवण्यासाठी नसतो. आपण चुकलो तर तो जाब विचारतो. देवचार, राखणदार, वेताळ या सगळ्यांना एकाच मापाने भूत ठरवून पांढरे डोळे आणि लांब केस देणारा चित्रपट मी पहिल्या आठवड्यात पाहत नाही. मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी मेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही मुंज्याची कल्पना मात्र कोकणातल्या प्रत्येक आजीने सांगितलेली आहे. ती ज्याने नीट वापरली त्याने आपल्या लहानपणाला हात घातला. हीच कसोटी गूढ थरारपटालाही लावावी. १२ सप्टेंबर २०२५ रोजी आलेल्या सुबोध खानोलकर यांच्या 'दशावतार'ची मी आतुरतेने वाट पाहिली, कारण दिलीप प्रभावळकर त्यात दशावतारी कलावंताची भूमिका करत होते. रात्रभर चालणाऱ्या नाटकात रंग चढवून देव झालेला माणूस पहाटे रंग उतरवून कसा चालत घरी जातो, हे ज्याने देवळासमोर बसून पाहिले आहे त्याला त्या विषयातला काळोख वेगळा सांगावा लागत नाही.

हा चित्रपट पितृपक्षात प्रदर्शित झाला आणि चांगला चालला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. या पंधरवड्यात नवे काम सुरू करू नये असे मानणारे निर्माते अजूनही आहेत, पण त्या समजुतीवरून तारखेचा अंदाज बांधण्याचे दिवस आता राहिले नाहीत. परदेशी भयपट ऑक्टोबरच्या अखेरीस, तिकडच्या हॅलोविनच्या सुमारास दाटीने येतात. आपल्याकडे जूनचा आरंभ भयपटांना मानवतो असे दिसते. 'मुंज्या' आणि 'जारण' दोन्ही जूनच्या पहिल्या आठवड्यातले. कोकणात तेव्हा पेरणीची धांदल असते, ही आपली अडचण.

चित्रपट महोत्सवांकडेही एक डोळा असावा. 'तुंबाड' २०१८ च्या ऑगस्टअखेरीस व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहात दाखवला गेला आणि सहा आठवड्यांनी आपल्याकडे लागला. ज्यांनी ती बातमी वाचली होती ते आमच्यासारखे गाफील राहिले नाहीत. टोरंटो महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळांचा स्वतंत्र विभाग असतो आणि स्पेनमधील सिट्जेसचा ऑक्टोबरमधला महोत्सव तर अद्भुत आणि भयचित्रपटांसाठीच प्रसिद्ध आहे. तेथील निवडीच्या याद्या वाचाव्यात, परीक्षणे वाचू नयेत. सिंधुदुर्गातल्या माणसाचे आणखी एक भाग्य असे की २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव दर नोव्हेंबरमध्ये गोव्यात भरतो. आगाऊ नोंदणी करून सावंतवाडीहून सकाळी निघाले तर दुपारचे दोन चित्रपट पाहून रात्री घरी परतता येते, आणि चित्रपटगृहांत कधीच न येणारे गडद थरारपट तेथे सापडतात.

ट्रेलरच्या बाबतीत मात्र कडक राहावे. पहिली छोटी झलक एकदा पाहावी, कारण तिच्यातून सूर कळतो. मुख्य ट्रेलर पाहायचाच असेल तर पहिल्या मिनिटाला थांबवावा. दचकवणाऱ्या जागा आणि कथेचे वळण साधारणपणे उत्तरार्धात उघडे पडते. मी स्वतः ट्रेलर पाहत नाही, पण डोळे मिटून एकदा ऐकते. ज्या भयपटाचा आवाज केवळ मोठा होत जातो त्याच्याकडून मी फारशी अपेक्षा ठेवत नाही. ज्यात दाराची कडी, पागोळ्या किंवा कोणाचा तरी श्वास वेगळा ऐकू येतो त्याच्यासाठी दिवस राखून ठेवते. चित्रपट एखाद्या कथेवरून घेतलेला असेल तर ती कथा आधी वाचू नये, त्याच लेखकाची दुसरी वाचावी. 'तुंबाड'च्या मुळाशी नारायण धारपांच्या कथेचे बीज आहे असे कळल्यावर मी त्यांच्या बाकीच्या कथा वाचनालयातून आणल्या. रत्नाकर मतकरींच्या गूढकथाही पावसाळ्याच्या रात्री अशाच वाचाव्यात. त्यांतली भीती बाहेरच्या अंधारातून येत नाही, आपल्याच घरातल्या माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू दिसू लागते, आणि गडद थरारपट पाहण्यासाठी डोळा तयार होतो तो असाच.

प्रदर्शनाचा आठवडा आला की प्रवासाचा बेत आधी करावा आणि तिकीट नंतर काढावे. तालुक्याच्या गावात भयपटाला मिळाला तर एखादाच खेळ मिळतो आणि शुक्रवार ते रविवार गर्दी झाली नाही तर पुढच्या शुक्रवारी तोही जातो. म्हणून पहिले तीन दिवस सोडू नयेत. रात्रीच्या शेवटच्या खेळाचा मोह होतो, परंतु वस्तीची एसटी त्याआधीच गावाकडे निघून गेलेली असते. शहरात कोणाकडे राहण्याची सोय असेल तरच तो खेळ घ्यावा, नाहीतर दुपारचा घ्यावा. पावसात घाटाच्या रस्त्याने अपरात्री दुचाकीवरून परतणे ही खरी भीती आहे आणि तिचा चित्रपटाशी संबंध नाही. बरोबर नेण्याची माणसेही निवडावीत. प्रत्येक दृश्याला मोठ्याने बोलणारा भाचा कितीही लाडका असला तरी त्याला दुसऱ्या खेळाला न्यावे.

चित्रपटगृह हुकलेच तर घरी पाहण्याची तयारी करावी. हिंदी चित्रपट बहुधा आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतात. मराठी आणि मल्याळम चित्रपटांचा काळ कमी-अधिक असतो. प्रदर्शनाच्या तारखेपासून आठ आठवडे मोजून दिनदर्शिकेवर दुसरी खूण करावी आणि त्या मधल्या काळात कोणाकडूनही शेवट ऐकू नये. गणपतीला मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना हे दारातच सांगून ठेवावे. टीव्हीवर चित्राचे जे अतिभडक रूप दुकानातून लावून मिळते ते बदलून चित्रपटासाठीचे रूप निवडावे आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, म्हणजे काळोखातले तपशील दिसतात आणि चित्र मालिकेसारखे दिसत नाही. टीव्हीचा स्वतःचा आवाज भयपटाला पुरत नाही. ध्वनिक्षेपक नसेल तर चांगले हेडफोन वापरावेत. नेटवर्कचा भरवसा नसलेल्या गावात चित्रपट दुपारीच उतरवून घ्यावा.

पावसाळ्यात मध्येच वीज जाणार हे गृहीत धरावे. पहिल्या वीस मिनिटांत गेली तर वीज आल्यावर चित्रपट सुरुवातीपासून लावावा, कारण तोवर जमलेले वातावरण तुटलेले असते. मध्यंतराच्या आसपास गेली तर दहा मिनिटे मागे जाऊन सुरू करावा. शेवटच्या अर्ध्या तासात गेली तर उरलेला भाग मोबाईलवर पाहण्याचा मोह टाळावा, पडवीत येऊन बसावे आणि वीज येण्याची वाट पाहावी. आमच्याकडे एकदा ती पहाटे साडेतीनला आली, आणि जाऊबाई तोवर जाग्याच होत्या.